कोण कशाने गेलं

माझे सासरे स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. चहाची वाटीसुद्धा कधी स्वतः उठून घेतली नाही, आणि त्यात सासूबाईंना किंवा मला कधी वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रीतच ती. आणि आता ऐन फेब्रुवारीत, बाहेर पाणी गोठत असताना, ते पहाटेच उठून अंगणापलीकडच्या न्हाणीघरात टब घेऊन बसायचे. न्हाणीघराच्या मागे, घरातून दिसणार नाही अशा बेताने, एक दोरी बांधली होती. तिच्यावर दोन चड्ड्या गोठून सुक्या मासळीसारख्या कडक झालेल्या.

मी चार दिवस पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सासूबाई असत्या तर त्यांच्या कानावर घातलं असतं आणि माझी जबाबदारी संपली असती. पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. नवरा, असिलबेक, कझाकस्तानच्या पार पश्चिम टोकाला, मंगिस्तावच्या तेलविहिरींवर. महिना तिकडे, महिना घरी. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, म्हाताऱ्याला वाटलं असेल धुवावे, धुऊ दे. मग मी बाकीच्या गोष्टीही आठवू लागले. अतांना (सासऱ्यांना मी अता म्हणते, वयस्कर माणसाला आमच्यात सगळेच म्हणतात) फाटकापासून दारापर्यंत येताना मध्ये उभं राहावं लागत होतं. चेहरा मेणासारखा झाला होता. जेवताना उशी घेऊन बसायचे. लग्नकार्याला लांब जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढायचे. आमचं शौचालय अंगणाच्या टोकाला, तिथे कोण किती वेळ बसतं हे कोण मोजतं?

पाचव्या दिवशी ते चहाला बसले असताना मी चुलीकडे तोंड करून, पाठमोरी उभी राहून बोलले. समोरासमोर बोलणं मला जमलं नसतं.

म्हटलं, "अता, तुमचे कपडे मी धुते. काय लागलेलं असेल ते असू दे. मी दोन मुलं वाढवली आहेत."

वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मूळव्याध आहे. बैठं काम करणाऱ्यांना होते."

"असेल. पण ते डॉक्टरला म्हणू द्या."

ते उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, आता हा माणूस मरेपर्यंत माझ्या नजरेला नजर देणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून दारात उभे राहिले आणि विचारलं, माझी गाडी अशा थंडीत चालू होते का.

खरं तर ही वेळ दोन वर्षं आधीच यायला हवी होती. आमच्या गावच्या दवाखान्यातली नर्स पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना एक लहानशी डबी वाटत फिरते. शौचाचा नमुना त्यात द्यायचा, रक्त डोळ्यांना दिसत नसलं तरी त्यात सापडतं. अतांनी डबी घेतली, नर्सला चहा पाजला, आणि डबीत खरबुजाचं बी भरून ठेवलं. त्या वर्षी खरबुजं चांगली आली होती.

मोठं शहर किझिलोर्दा, आमच्यापासून सव्वाशे किलोमीटर. इस्पितळात खिडकीपलीकडच्या बाईने पेशंटचं नाव विचारलं आणि मी अडले. आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. शहरातल्या मुली घेतात, पण माझी जीभ उचलली नाही. मी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं: सागिंदिक अयापबेर्गेनोव, वय अडुसष्ट. तिने नुसतं वाचलं आणि शिक्का मारला.

डॉक्टर बाई होती, अल्तिनाय नावाची, चाळिशीच्या आतली. अता वळून माझ्याकडे बघू लागले, जणू मीच मुद्दाम बाई शोधून काढली. पण ती आपली एकेक प्रश्न विचारत गेली. सिगारेट? साठीपर्यंत, रोज एक पाकीट. वजन वाढलं का, उतरलं का? पोट कधी साफ, कधी नाही, असं होतं का? मांस किती वेळा खाता?

अता म्हणाले, "हा प्रश्न कझाक माणसाला विचारतात का?"

तीही हसली. मग खारवलेलं, धुरावलेलं किती, कझी किती, हे विचारलं. हिवाळ्यासाठी आम्ही एक घोडा कापतो. त्याची कझी, म्हणजे आतड्यात भरलेलं मांस, मार्चपर्यंत पुरते. भाज्या कोणत्या? अतांनी विचार करून सांगितलं, कांदा.

मग तिने विचारलं, वडील कशाने गेले. इथे माझे सासरे खुर्चीत ताठ झाले. हा त्यांचा विषय. शाळेच्या सुट्ट्यांत अकरा वर्षं त्यांनी गावोगाव हिंडून घराण्याची वंशावळ गोळा केली, हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक छापलं. सात पिढ्यांची नावं तर आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. यांना चौदा पाठ. त्यांनी सुरुवात केली: "माझे वडील अयापबेर्गेन, त्यांचे वडील तोक्सानबाय, त्यांचे झानाबेर्दी, त्यांचे..."

पाचव्या नावाला डॉक्टर अल्तिनाय अदबीने म्हणाली, "नावं नकोत, अता. आजार सांगा."

"वडिलांच्या छातीत थंडी भरली. कालव्याच्या कामावर."

"आजोबा?"

अतांना त्यांचं फक्त नाव माहीत होतं.

"भाऊ-बहिणी?"

"बहीण गेली. बायकांचं काहीतरी." मग कोटाचं बटण चाचपत, "एक भाऊ आहे."

"तो ठीक आहे?"

अता भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. का, ते मला माहीत होतं.

डॉक्टरने तपासून सांगितलं, मूळव्याध आहेच, रक्त बहुधा तिचंच. अतांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, म्हटलं नव्हतं? पण ती पुढे म्हणाली की आत दुर्बिणीने बघितल्याशिवाय सगळं मूळव्याधीच्या माथी मारणं ही माणसांची सर्वांत नेहमीची चूक.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट धुवून काढायचं असतं. अंगणाच्या टोकाच्या शौचालयाच्या भरवशावर हिवाळ्यात हे कसं करणार? म्हणून आम्ही शहरात माझ्या मावसबहिणीच्या फ्लॅटमध्ये उतरलो. दुपारपासून त्यांनी तीन लिटर खारट औषधी पाणी संपवलं, पेल्यामागून पेला, शिस्तीत, हातात घड्याळ घेऊन. मला ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीघरात नळ सोडून ठेवत होते. मावसबहिणीने पाण्याच्या बिलाचा विचार मनातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीन कोंब निघाले. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणते. आतड्याच्या अस्तरावर मांसाचे कोंब फुटतात. बरेचसे काही करत नाहीत, काही वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि त्यांतल्या एखाद्याचा कर्करोग होतो. तिने पडद्यावर चित्र दाखवलं. दोन देठावर उभे, कुजक्या लाकडावर अळंबी येते तसे. तिसरा सपाट, गालिच्यावर चहा सांडून वाळावा तसा. तिन्ही तिथल्या तिथे काढून टाकले होते. अतांना काही कळलंसुद्धा नव्हतं, झोपेचं औषध दिलं होतं. त्यांनी विचारलं, यांच्यापैकी रक्त कोणाचं?

"कोणाचंच नाही. मूळव्याधीचं. हे तिघे गप्प बसून होते. बहुतेक गप्पच असतात." आणि मग तिने मला म्हटलं, मूळव्याधीचे आभार माना, ती तुम्हाला इथवर घेऊन आली.

दोन आठवड्यांनी कोंबांच्या तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही पुन्हा गेलो. सपाट कोंब वाईट जातीचा होता. अजून त्याचा कर्करोग झाला नव्हता, पण त्याच वाटेवर होता. आता पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं, आणि मांस, विशेषतः धुरावलेलं, निम्म्यावर आणायचं. हे ऐकून अतांनी मान डोलावली. अर्थात घरी गेल्यावर निम्म्याचा अर्थ काय यावर आमची बरीच चर्चा झाली.

पण डॉक्टर तेवढ्यावर थांबली नाही. तिने एक कोरा कागद घेतला आणि त्यावर चौकोन आणि वर्तुळं काढू लागली. हा चौकोन तुम्ही. हा तुमचा भाऊ. हे वर्तुळ तुमची बहीण. वर वडिलांचा चौकोन, आईचं वर्तुळ. अता कागदावर वाकले. वंशावळी काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, आणि हा नमुना त्यांनी पाहिला नव्हता.

"यात बायका आहेत," ते म्हणाले.

"आजार दोन्हीकडून येतो, अता."

तिचं म्हणणं होतं, या प्रत्येकाच्या पुढे कोण किती वयात कशाने गेलं ते लिहून आणा. तुमच्या घरात हे आधी झालं असेल, तर तुमच्या सख्ख्या भावाला लगेच तपासायला हवं, मुलालाही. मुलगा किती वर्षांचा? एक्केचाळीस. मग त्यालाही थांबून चालणार नाही.

सांगणार कोण? वडिलांच्या पिढीतली एकच व्यक्ती उरली होती, अतांची आत्या, उल्बोसिन, एक्याण्णव वर्षांची. शहराच्या कडेला नातवाकडे राहते. आम्ही त्याच दुपारी गेलो. चहा झाला, नातवाने अतांना मोठ्या खोलीत टीव्हीपुढे बसवलं आणि मी स्वयंपाकघरात आत्याजवळ गेले. ती ठेंगण्या स्टुलावर बसून पिठाच्या पट्ट्या कापत होती. आम्ही कशासाठी आलो ते मी तिला सांगितलं. तिने सुरी थांबवली नाही. एवढंच म्हणाली, "दार लोटून घे. त्याच्यासमोर मी त्याच्या बापाची आतडी कशी काढू?"

मग तिने सांगितलं. तिचा मोठा भाऊ अयापबेर्गेन सरकारी शेतावर भाताच्या ब्रिगेडचा, म्हणजे मजुरांच्या तुकडीचा, मुखिया होता. दोन वर्षं त्याला रक्त जात होतं. तो म्हणायचा, खोगिराने होतंय. भावजय खोगिरावर लोकरीच्या नमद्याचे थर वाढवत गेली. शेवटच्या हिवाळ्यात त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, काही खालून जाईना, पाणीही उलटून पडायला लागलं. चौथ्या दिवशी गेला. बावन्नावं वर्ष. त्याने बायकोला शपथ घातली होती, मुलांना सांग छातीत थंडी भरली. लोक काय म्हणतील, ब्रिगेडचा मुखिया परसाकडला बसून मेला?

"आणि कामका?" मी विचारलं. कामका म्हणजे अतांची बहीण, शिमकेंतकडे दिलेली.

आत्याने सुरी खाली ठेवली. कामका शेवटचे तीन महिने तिच्याकडेच होती, तिच्या नवऱ्याने आणून सोडली होती. तेच सगळं. रक्त, मग बारीक होत जाणं, मग पोट. सत्तेचाळीसची होती. पुरुष विचारायला आले की आत्या म्हणायची, बायकांचं आहे. तेवढं म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

"तू पहिली विचारणारी," ती म्हणाली. रागावून नाही. मग तिने मला पट्ट्या उकळत्या पाण्यात सोडायला सांगितल्या.

मी अतांना गाडीत सांगितलं. गाडी चालवताना समोर बघावं लागतं, ते सोयीचं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरून रस्त्याच्या कडेला बोरूच्या बेटाजवळ उभे राहिले. वारा होता, टोपी हाताने धरून ठेवली होती. मी उतरले नाही. परत येऊन बसले तेव्हा म्हणाले, "पुस्तकात मी खोटं छापलं."

म्हटलं, तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही छापलंत.

"मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. विचारायला हवं होतं." पुलापाशी ते म्हणाले, "मिर्झाताय त्रेसष्टचा आहे."

हे नाव त्यांच्या तोंडून मी नऊ वर्षांनी ऐकलं.

मिर्झाताय त्यांचा धाकटा भाऊ, आमचे काका. रेल्वेच्या एका लहान स्टेशनाजवळ घोड्या पाळतो. काकूंचं हे दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा दिदार चार वर्षांचा असताना त्या काकांकडे आल्या. काकांना स्वतःचं मूल झालं नाही. त्यांनी दिदारला घोड्यावर बसायला शिकवलं, त्याची सुंता केली, लग्न करून दिलं. आणि अतांचं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात मिर्झातायच्या नावाखाली कोरी जागा होती. अतांचं म्हणणं, वंशावळ रक्ताची असते, मी नियम केलेला नाही. काकांनी पुस्तक परत पाठवलं, आत एक ओळही न लिहिता. तेव्हापासून नौरुझच्या सणालाही, ज्या दिवशी वैरीसुद्धा एकमेकांना भेटतात, ते आले नाहीत आणि आम्ही गेलो नाही.

मी म्हटलं, फोन करून सांगू या. अता म्हणाले, असं फोनवर सांगत नाहीत.

नौरुझ होऊन आठवडा झाला होता. बर्फ गेला होता, काकांच्या अंगणात घोट्याएवढा चिखल. काका बाहेर आले नाहीत. दिदारने गाडीचं दार उघडलं, अतांना हात देऊन उतरवलं, चिखलात फळी टाकली. चौतिसाव्या वर्षी त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते. काकूंनी गालिचा झटकला, जेवणासाठी दस्तरखान अंथरलं, बोलत राहिल्या. हवा, रस्ता, माझी मुलं. काका भिंतीला टेकून बसले होते. रुंद, लालबुंद, घोड्यासारखे ठणठणीत. सलामाला सलाम दिला, तेवढंच.

अतांना लग्नमंडपात दोन तास बोलताना मी ऐकलंय. त्या दिवशी त्यांना पहिलं वाक्य सापडेना. दोनदा खाकरले. मग वाटीकडे बघत म्हणाले, "माझ्या आतड्यातून तीन गाठी काढल्या. एक वाईट होती."

काकांनी मान वर केली.

"बापाला हेच होतं. छातीत थंडी वगैरे काही नाही. कामकालाही हेच."

"कामका बायकांच्या आजाराने गेली."

"नाही गेली. उल्बोसिन आत्याने सांगितलं. हिला सांगितलं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुला तपासायला हवं."

काका म्हणाले, मला काही होत नाही. परवाच खोंड पाडला मी. रक्त नाही, दुखणं नाही, भूक लांडग्याची. अता म्हणाले, माझ्या गाठीही काही करत नव्हत्या, गप्प होत्या. ते डॉक्टर अल्तिनायचेच शब्द होते, पण आता त्यांना त्यांचे स्वतःचे वाटत असावेत. काकूंनी चहा ओतायचं थांबवलं होतं.

मग काकांनी सावकाश विचारलं, "दिदारलाही तपासायचं का?"

अतांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली बघितलं. मला वाटतं, हो म्हणून टाकावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण आयुष्यभर पोरांना सनावळ्या बरोबर सांगा म्हणणारा माणूस तो.

"डॉक्टरीण म्हणते, ज्यांचं रक्ताचं नातं आहे त्यांनी."

काका हसले. ते हसणं मला आवडलं नाही. "म्हणजे माझा पोरगा सुटला. तुझ्या पुस्तकात नाव नसण्याचा नऊ वर्षांत पहिल्यांदा काही उपयोग झाला म्हणायचा."

दिदार दाराशी उकिडवा बसला होता, बुटांचा चिखल काडीने काढत. तो वर न बघता म्हणाला, "रक्त तुमचं नसेल, पण ताट तर तुमचंच आहे. तीच कझी मीही तीस वर्षं खातोय. वेळ आली की मीही जाईन. आता तुम्ही चला, मी गाडी काढतो."

काका म्हणाले, तुला कोणी विचारलं? पण आवाज उतरला होता. काकू उठून दुसऱ्या खोलीत गेल्या, आणि काकांचा चांगला शर्ट इस्त्रीला काढताना दारातून दिसल्या. शहरात जायचं ठरलं, हे आम्हाला त्यावरून समजलं.

निघताना दोघा भावांनी हात मिळवला की मिठी मारली, ते मला नक्की सांगता येणार नाही. दोघंही जाडजूड कोटात होते, आणि मी गाडी चिखलातून मागे घेत होते.

काकांना दुर्बिणीची वेळ दोन आठवड्यांनी मिळाली. त्यांच्या आत एकच कोंब होता, पण उजव्या बाजूला, फार खोलवर, आणि अक्रोडाएवढा. दुर्बिणीतून निघेना. पोट उघडून आतड्याचा तेवढा तुकडा कापावा लागला. तळाशी कर्करोग झालेला होता, पण अस्तर ओलांडून पुढे गेला नव्हता. डॉक्टर अल्तिनायने दिदारला सांगितलं, आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर तिने हे वेगळ्या आवाजात सांगितलं असतं. खोंड पाडणारा माणूस, एकही दुखणं नसलेला. इस्पितळात दिदार दहा दिवस त्यांच्याजवळ राहिला, त्यांना उचलून बसवलं, पुसलं, बदललं. अता रोज जायचे आणि खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचे. दोघं भाऊ काय बोलत होते विचाराल तर बहुतेक घोड्यांविषयी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अता दिदारला म्हणाले, जा, थोडा झोप, मी आहे. दिदार गेला नाही, कोपऱ्यातच झोपला.

पुस्तकाचं काय, असं मला लोक विचारतात. पुस्तक जसं होतं तसं आहे. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळ्या कुळाची परवानगी लागते आणि अर्धं कूळ अतांहून कडवं आहे. काकांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटायचं, एवढं सगळं झाल्यावर तरी काहीतरी होईल. झालं नाही. पण नौरुझला आता दोन्ही घरं एकमेकांकडे जातात, आणि दिदार अतांसाठी घोडीचं दूध आणतो.

राहिला माझा नवरा. असिलबेकला मी मे महिन्यात सांगितलं, जूनमध्ये सांगितलं. घरी आला की म्हणायचा, एवढे तीस दिवस विश्रांती, त्यात हे? तिकडे गेला की म्हणायचा, शिफ्ट चालू आहे. मला काही होत नाही, हे घराण्याचं वाक्य तो अगदी बापासारखं म्हणायचा. ऑगस्टमध्ये एकदा दुपारी मी हिवाळ्यासाठी बरण्यांत टोमॅटो भरत होते. (आता आमच्याकडे कांद्याखेरीज टोमॅटो, गाजर, कोबीही असतो, अता खातात, चेहरा वाकडा करून.) अतांनी माझ्याकडे फोन मागितला, मुलाला लावून दे म्हणाले. मला वाटलं, उठून खोलीत जातील. ते तिथेच बसले.

"असिलबेक, ऐक," ते म्हणाले. "तुझ्या आजोबांना संडासातून रक्त जायचं. ते त्यांनी लपवलं आणि मेले. मीही लपवत होतो. चड्ड्या धूत होतो. तुझ्या बायकोने पकडलं नसतं तर मीही गेलो असतो."

मी भोपळी मिरची चिरायचं सोडून पाण्याचा नळ बघत राहिले.

"सप्टेंबरला येशील तेव्हा जायचं. ते खारट पाणी वाईट लागतं. बाकी काही नाही."

एवढं बोलून फोन मला परत दिला आणि विचारलं, टोमॅटोत लसूण किती घालतेस.

तो गेला. त्याच्या आत एक लहान कोंब निघाला, निरुपद्रवी जातीचा. पाच वर्षांनी पुन्हा बघू म्हणाले. घरी येताना गाडीत म्हणाला, पाणी खरंच वाईट होतं.

त्या रात्री मुलं झोपल्यावर... नाही, रात्र नव्हती, संध्याकाळच होती, गाई परत येत होत्या. माझ्या मनात आलं, अयापबेर्गेन, कामका, दोघांचं मी खोदून काढलं. माझ्या पोरांचा अर्धा भाग तर माझ्याकडून आलाय. माझा बाप मी सहावीत असताना गेला. आजीला मी पाहिलंच नाही. मी अंगणात उभी राहून आईला फोन लावला आणि विचारलं, आपल्या घरात कोण कशाने गेलं.

ती घाबरली. कुणी गेलं का, म्हणाली.

म्हटलं, नाही, सगळे आहेत. मला फक्त माहिती हवी आहे.

आईने टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "थांब, चहा घेऊन बसते. वेळ लागेल."